वाडी आपली म्हणून डुक्करही आपलं?

नॅशनल पार्कच्या कडेला कोणाची वाडी असली की गप्पांत हे येतंच, जागा खाजगी आहे ना, मग आत घुसलेलं रानडुक्कर मारलं तर कोण विचारतंय. साफ चूक! १९७२ चा वन्यजीव कायदा सातबारा बघत नाही, शिकारबंदी खाजगी जमिनीवरही तेवढीच लागू आहे, पिकाची नासधूस होत असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि नुसता फासा लावला तरी ती शिकारच धरतात (त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकतो ते वेगळंच). जीव वाचवायला मारलं तर सूट आहे, पण तेव्हा तुम्ही स्वतःच शिकारीला निघालेला असाल तर तीही गेली.