द्विपंखी कसरती विमान, छोटे विद्युत् : तोल व फेरबदल

रेडिओ-नियंत्रित, बॅटरीवर चालणाऱ्या आणि एकावर एक असे दोन पंख असलेल्या छोट्या कसरती विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी आणणे आणि तो न बिघडवता विमानात आपल्या गरजेप्रमाणे बदल करणे, हा या नोंदीचा विषय आहे. छोटे म्हणजे साधारण ७० ते १०० सेंमी. पंखविस्ताराचे आणि ५०० ते ९०० ग्रॅम वजनाचे विमान येथे अभिप्रेत आहे. विदर्भाच्या खेड्यांत असे विमान सोयाबीन निघालेल्या वावरात, ई-वर्गाच्या गायरानावर किंवा गुरे रानात गेल्यावर मोकळ्या झालेल्या आखरावर उडवता येते. त्यामुळे काळी माती, मे महिन्यातले ऊन आणि जवळ सुट्या भागांचे दुकान नसणे, या तिन्ही गोष्टींचा विचार तोल व फेरबदल करताना करावा लागतो.

राइट बंधूंचे १९०३ चे विमान द्विपंखीच होते. दोन पंख, त्यांमधले खांब आणि तिरप्या ताणतारा यांची मिळून एक पेटीसारखी चौकट होते व हलक्या लाकडातही ती मजबूत राहते. पुढे एकपंखी विमाने आली, तरी कसरतींसाठी द्विपंखी टिकले, कारण तेवढेच क्षेत्रफळ दोन आखूड पंखांत बसते आणि आखूड पंखांचे विमान आपल्या अक्षाभोवती झटकन लोळते. कर्टिस पिट्स या अमेरिकन अभिकल्पकाने १९४० च्या दशकाच्या मध्यावर तयार केलेले ‘पिट्स स्पेशल’ हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध विमान होय. बेटी स्केल्टन हिने अशाच एका पिट्सवर १९४९ व १९५० मध्ये अमेरिकेतील महिलांचे कसरत-अजिंक्यपद मिळवले. बाजारात मिळणारी बरीच छोटी द्विपंखी विमाने याच घाटाची असतात : आखूड नाक, गोलसर तोंड, वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे. दिसायला हा घाट देखणा आहे, पण तोलाची सगळी अडचण त्यातूनच निर्माण होते.

तोल. ज्याने बंडीत कापसाची गाठोडी किंवा तुरीची पोती भरली आहेत, त्याला गुरुत्वमध्य समजावून सांगावा लागत नाही. भार आखाच्या मागे गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय ठरत नाहीत. भार फार पुढे आला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर बसते. बंडी चालते, पण जड चालते. विमानाचेही तसेच आहे. नाकजड विमान चालकाला सतत एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) ओढून धरायला लावते, उतरताना आदळते आणि कसरतीत मंद राहते. उलाळ विमान मात्र हात सोडताच नाक वर फेकते, वेग हरवते आणि कोसळते. त्यात दुरुस्तीला वेळ मिळत नाही. म्हणून पहिल्या उड्डाणाला थोडे नाकजड ठेवणेच शहाणपणाचे.

बंडीचा आख डोळ्यांना दिसतो. एका पंखाच्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर मानला तरी चालते. द्विपंखी विमानात प्रश्न पडतो की कोणत्या पंखाच्या? नवशिक्यांची विमाने या प्रश्नावर मोडतात, म्हणून तो हिशेबाने समजून घ्यावा. दोन्ही पंख १५० मिमी. रुंद, सारख्याच क्षेत्रफळाचे आणि वरचा पंख खालच्याच्या ६० मिमी. पुढे आहे असे धरू. दोघांची मिळून एक काल्पनिक पुढची कड काढली, तर ती मधोमध, म्हणजे वरच्या कडेच्या ३० मिमी. मागे येते. तिथून १५० च्या २८ टक्के, म्हणजे ४२ मिमी. मोजले, की गुरुत्वमध्य वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून ७२ मिमी. वर पडतो. एखाद्याने फक्त वरचा पंख पाहून ४२ मिमी. वर खूण केली, तर विमान ३० मिमी. नाकजड होईल. फक्त खालचा पंख पाहिला, तर खूण १०२ मिमी. वर, म्हणजे ३० मिमी. मागे जाईल आणि ते विमान सांभाळता येणार नाही. वरचा पंख मोठा असेल तर काल्पनिक कड त्याच्याकडे सरकते. एकूण क्षेत्रफळाचा ६० टक्के भाग वरच्या पंखात असेल, तर ती ३० ऐवजी २४ मिमी. वर येते. वरचा पंख पुढे असताना तो सहसा आपल्या वाट्यापेक्षा थोडा अधिक भार उचलतो, हेही हिशेबाची खूण पुढे ठेवण्याचे एक कारण आहे.

मोजताना बॅटरी, प्रॉपेलर, पट्टे असे सगळे जागच्या जागी असावे. दोन बोटे वरच्या पंखाखाली खुणेवर लावून विमान उचलण्याची रीत सर्वत्र आहे, पण द्विपंखीत ती फसवते. विमानाचा बहुतेक भार त्या पंखाच्या बराच खाली लोंबतो, त्यामुळे चूक असूनही ते जवळजवळ सपाट दिसते. भार बोटांच्या ६० मिमी. खाली असेल, तर ५ मिमी. ची चूक जेमतेम ५ अंशांचा कल दाखवते. डोळ्याला एवढा कल कळत नाही. शेपटीच्या आडव्या पट्टीवर सुताराची छोटी पाणसळ ठेवली तर कळतो, मात्र पाणसळीचे वजन नंतर वजा धरावे. त्याहून चांगली रीत ओळंब्याची. विमान नाकाजवळ दोरीने टांगावे, त्याच दोरीवरून ओळंबा सोडावा आणि बाजूने मोबाइलवर फोटो घ्यावा. मग दुसऱ्या जागेवरून टांगून पुन्हा तसेच करावे. दोन्ही ओळंब्यांच्या रेषा जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य असतो. या रीतीने तो पुढे-मागे तर कळतोच, पण किती खाली आहे तेही कळते.

तोल बिघडलेला असेल तर आधी बॅटरी सरकवावी. तीन सेलची १३०० मिलीअँपिअर-तासाची लिथियम पॉलिमर बॅटरी साधारण ११० ग्रॅम भरते आणि विमानातला हाच सर्वांत जड सुटा भाग असतो. सरकवायला जागा उरली नाही तरच वेगळे वजन लावावे. तराजूच्या हलक्या पारड्याला बांधतात तसा हा पासंग असतो आणि तो जितका लांब बांधाल तितका कमी लागतो. शेपटीत ४५० मिमी. मागे ६ ग्रॅम वाढले, तर त्याचा जोर ६ गुणिले ४५०, म्हणजे २७०० होतो. नाक आखूड, जेमतेम १८० मिमी. असल्याने तो फेडायला पुढे १५ ग्रॅम लागतात. ६ ग्रॅमची हौस अशी २१ ग्रॅमला पडते. बॅटरी सरकवून भागवायचे, तर ती सुमारे २५ मिमी. पुढे न्यावी लागेल. चाकांचा तोल करणाऱ्या टायरवाल्यांकडे ५ व १० ग्रॅमची चिकटपट्टीची वजने मिळतात, ती यासाठी उत्तम. भाग तोलायला मात्र किराणा दुकानाचा काटा उपयोगाचा नाही. सराफाच्या काट्यावर तोलून प्रत्येक भागाचे वजन वहीत लिहून ठेवावे. एवढी शिस्त पाळली तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

डाव्या-उजव्या तोलाकडे दुर्लक्ष होते, कारण सरळ उड्डाणात एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान लोळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांच्या) ट्रिमखाली, म्हणजे रिमोटवरून त्यांना दिलेल्या कायमच्या किंचित कलाखाली, तो लपून राहतो. आकाशात उभे वर्तुळ मारताना जड पंख खाली जातो, मग चालक ट्रिम बदलत बसतो आणि दोष हाती लागत नाही. प्रॉपेलरचा अक्ष आणि शेपटी यांना धरून विमान टांगले, की जड बाजू लगेच खाली येते. संक्रांतीला एका बाजूला झुकणाऱ्या पतंगाच्या दुसऱ्या बाजूला चिंधी बांधणारी पोरे हेच करतात. येथे हलक्या बाजूच्या खालच्या पंखाच्या टोकात एक-दोन ग्रॅम पुरतात. प्रॉपेलरचाही तोल पाहावा. हलक्या पात्याच्या पाठीवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला की कंप कमी होतो. कंपाने सर्व्होंचे (हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरींचे) दात आणि मोटरचे स्क्रू आधी ढिले होतात.

शेवटचा निर्णय आकाशात होतो. पुरेशा उंचीवर विमान ४५ अंशांत चढवून उलटे करावे आणि एलिव्हेटर सोडावा. नाक झपकन जमिनीकडे वळले तर विमान नाकजड आहे. थोडे अंतर सरळ जाऊन सावकाश झुकले तर कसरतीसाठी तोल जमला. उलट नाक आणखी वर जाऊ लागले, तर ताबडतोब सुलटे करून उतरवावे आणि बॅटरी पुढे घ्यावी. एका वेळी ३ मिमी. हून अधिक बदल करू नये.

फेरबदल. प्रत्येक फेरबदल म्हणजे कुठेतरी ठेवलेले वजन असते, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल. तो विमानाला किती जड करतो यापेक्षा कुठे जड करतो, हे आधी विचारावे.

पहिला बदल बहुधा चाकांचा होतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कारखान्यातून आलेली छोटी चाके त्यांत अडकून विमान तोंडावर पडते. मोठी, हलकी फोमची चाके आणि सायकलच्या स्पोकची वाकवलेली तार हा स्वस्त उपाय आहे. काही जण चाके काढून विमान हाताने सोडतात आणि गवतावर पोटावर उतरवतात. तसे करताना विसरू नये, की चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. ४० ग्रॅमचा सांगाडा ६० मिमी. पुढे असेल, तर तो काढल्याने २४०० चा जोर जातो, म्हणजे शेपटीला ५ ग्रॅमहून अधिक वजन लावल्यासारखे विमान उलाळ होते. शिवाय प्रॉपेलर जमिनीला लागू नये म्हणून उतरताना मोटर बंद ठेवावीच लागते.

दुसरा बदल एलेरॉनचा. अनेक छोट्या विमानांत ते फक्त खालच्या पंखाला असतात. वरच्या पंखालाही एलेरॉन कापून बांबूच्या किंवा कार्बनच्या बारीक काडीने खालच्याशी जोडले, तर लोळण्याचा वेग चांगलाच वाढतो. त्यात नवीन सर्व्हो लागत नाही आणि वजन गुरुत्वमध्याजवळच राहते. या लेखकाच्या मते खर्चाच्या मानाने हा सर्वांत फायद्याचा बदल आहे. अट एकच, जोडणीत ढिलाई नको. ढिला एलेरॉन वेगात फडफडू लागतो आणि पंख फाडतो. तुऱ्हाटीची काडी हलकी असली तरी वाळल्यावर ठिसूळ होते, ती येथे वापरू नये.

पंखांमधल्या खांबांना रुंद फोमच्या पट्ट्या केल्या, की विमान कुशीवर उभे राहून उडताना त्या बाजूंनी आधार देतात. मात्र त्या टोकाला असल्याने लोळ सुरू व्हायला आणि थांबायला वेळ लागतो. त्या जेवढ्या मोठ्या कराव्याशा वाटतात, त्याच्या निम्म्याच ठेवाव्यात. पंख पुन्हा चिकटवण्याची वेळ आली, तर दोन्ही पंखांचे धडाशी कोन सारखे आहेत ना हे पाहावे. अर्ध्या अंशाचा फरकही ट्रिममध्ये जाणवतो.

रंग केवळ हौसेचा नसतो. द्विपंखी विमान वरून आणि खालून सारखेच दिसते. उलटे असताना चालकाला ते सुलटे वाटले, तर एलिव्हेटर उलट दिशेने ओढला जातो आणि विमान जमिनीत घुसते. वर एकरंगी आणि खाली रुंद काळे-पांढरे पट्टे असावेत. पऱ्हाटीच्या हिरव्या रानात पडलेले विमान सापडायला केशरी रंग बरा. गडद रंग मात्र वरच्या पंखावर नको. मेच्या उन्हात काळा फोम तापून फुगतो आणि पंख पिळवटतो. स्प्रेचा रंग आणि साधा फेविक्विक थर्माकोल विरघळवतात, म्हणून पाण्यात मिसळणारा रंग व फोमसाठीचा गोंद घ्यावा. ग्लूगनच्या गोंदाने मोटर बसवली असेल, तर उन्हात ठेवलेल्या विमानात तो मऊ पडतो. मोटर स्क्रूनेच बसवावी.

हवामान व जागा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंच आहे. तिथे डिसेंबरच्या पहाटे १२ अंश सेल्सिअसला घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते, मेच्या दुपारी ४५ अंशांना ते १.०७ किलोग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे हवा दहा टक्क्यांहून अधिक विरळ होते. प्रॉपेलरची ओढ तितकीच घटते आणि विमान तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग साधारण सहा टक्के वाढतो. हिवाळ्यात हलके वाटणारे विमान उन्हाळ्यात जड वाटते ते यामुळे. तोल बदललेला नसतो. तेव्हा पासंग हलवू नये, उतरतानाचा वेग वाढवावा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडवणे सर्वांत बरे, कारण नंतर तापलेल्या वावरांतून वावटळी उठतात. बॅटरी बंद गाडीत ठेवू नये. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टपर्यंत आला की उतरावे आणि आठवडाभर उडवायचे नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवून द्यावे.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेले २५ किलोग्रॅमपर्यंतचे विमान ‘मॉडेल’ वर्गात मोडते व त्याला प्रकार-प्रमाणपत्र (त्या जातीच्या विमानाला मिळणारा सरकारी दाखला) लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी. च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीविना उडवता येते. गावाचे क्षेत्र कोणते ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावे. नागपूर, अमरावतीजवळचे बेलोरा, गोंदियाजवळचे बिरसी ही विमानतळे, पुलगावचे दारूगोळा भांडार आणि भंडारा, भद्रावती येथील आयुधनिर्माण्या यांच्या आसपासच्या गावांनी हे विशेष काळजीने करावे. ताडोबा व मेळघाटच्या कडेच्या गावांत जंगलाकडे तोंड करून उडवू नये. संक्रांतीच्या दिवसांत पतंगांखाली उडवणेही टाळावे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली असली तरी तो अजून दिसतो, आणि प्रॉपेलरमध्ये गुंतला की मोटर जाळतो.