प्रौढांसाठीचे स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशन

माती, कापड, तार यांपासून हाताने घडवलेली बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. अशी हजारो छायाचित्रे सलग दाखवून हालचालीचा भास निर्माण करण्याच्या तंत्रास स्टॉप-मोशन म्हणतात. एकाकीपणा, आजारपण, मृत्यू, फसलेली नाती हे विषय विनोदाची जोड देऊन प्रौढ प्रेक्षकांसाठी मांडण्याची या तंत्राची परंपरा जुनी आहे. बाहुल्यांचा चित्रपट म्हणजे मुलांचा चित्रपट, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. रशियात काम करणारे चित्रपटकार लादिस्लाव स्तारेविच यांनी १९१२ मध्येच मेलेल्या कीटकांना मेणाने तारेचे पाय चिकटवून व्यभिचारावर प्रहसन रचले होते. चेकोस्लोव्हाकियातील यिर्झी त्रन्का यांच्या ‘रुका’ (१९६५) या लघुपटात एक अवाढव्य हात एका साध्या कलावंताला छळतो आणि तो मेल्यावर त्याची अंत्ययात्रा थाटात काढतो.

बाहुलीच्या आत तारेचा किंवा सांधे असलेला धातूचा सांगाडा असतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ छायाचित्रे लागतात. एक स्थिती दोन चौकटी टिकवली, तरी ८० मिनिटांच्या चित्रपटासाठी ५७,६०० स्थिती उभ्या कराव्या लागतात. बोलताना बदलायचे ओठ आधीच निरनिराळ्या आकारांत घडवून ठेवतात. मातीवर उमटलेले बोटांचे ठसे पडद्यावर थरथरताना दिसतात आणि पुष्कळ दिग्दर्शक ते मुद्दाम पुसत नाहीत. या कथांतील माणसेही ओबडधोबड आणि जगाच्या साच्यात न बसणारी असल्यामुळे हा खडबडीतपणा त्यांना शोभतो.

ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅडम एलियट हे या प्रकारातील आजचे ठळक नाव. त्यांच्या ‘हार्वी क्रम्पेट’ या लघुपटाला २००४ मध्ये ऑस्कर मिळाले. ‘मेरी अँड मॅक्स’ (२००९) मध्ये मेलबर्नची एकलकोंडी मुलगी आणि न्यूयॉर्कचा मध्यमवयीन मॅक्स यांची पत्रमैत्री आहे; तिचे जग तपकिरी, त्याचे करडे. पात्रे फारशी हलत नाहीत. बराचसा भार निवेदकावर असतो, आणि अत्यंत दुःखद घटनाही तो कोरड्या, जवळजवळ तटस्थ स्वरात सांगत असल्याने हसू आणि हुंदका एकदमच येतो.

चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन यांनी ‘अनोमलिसा’ (२०१५) साठी मात्र मातीऐवजी त्रिमितीय छपाईचे चेहरे वापरले. त्या चेहऱ्यांच्या तुकड्यांमधील सांधे संगणकावर सहज झाकता आले असते. दिग्दर्शकांनी ते तसेच दिसू दिले. एलियट यांच्या ‘मेम्वॉर ऑफ अ स्नेल’ला २०२४ मध्ये फ्रान्समधील आनसी अ‍ॅनिमेशन महोत्सवात सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार मिळाला.