ग्रो टेंटमधली ह्युमिडिटी आणि वेंटिलेशन

ग्रो टेंट म्हणजे घरातल्या घरात झाडं वाढवायचा कापडी तंबू. धातूच्या दांड्यांचा सांगाडा, आतून चकचकीत अस्तर, पुढे चेनचा दरवाजा आणि डक्ट (हवा नेणारा जाड नळ) आणि वायरी आत घ्यायला नाडीने आवळता येणारी भोकं, एवढंच सामान. गांजाच्या इनडोअर लागवडीमुळे हे टेंट जास्त माहितीत आले (ती लागवड बऱ्याच देशांत बेकायदा आहे, काही ठिकाणी ठराविक झाडांपुरती परवानगी आहे), पण मिरची, टोमॅटो, ऑर्किड, रोपं, कटिंग्ज यासाठीही तेच वापरतात, आणि आतल्या हवेचे नियम झाड कोणतं आहे ते बघत नाहीत. टेंटमध्ये लाइट आणि खतावर लोक भरपूर खर्च करतात, मग पीक बुरशीने जातं तेव्हा हवेकडे लक्ष जातं, असं सर्रास होतं.

पाणी जातं कुठे

झाड मुळांतून जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे कुंडीत ओतलेलं पाणी थोड्या वेळाने हवेतच येणार हे धरून चालायचं. आता १.२ मीटर बाय १.२ मीटर बाय २ मीटरचा टेंट घ्या, आत हवा जेमतेम २.९ घनमीटर. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे पूर्ण टेंटमध्ये ६६ ग्रॅमच्या आसपास, आणि ह्युमिडिटी ६० टक्के असेल तर त्यातली ४० ग्रॅम आधीच भरलेली, उरली २६ ग्रॅमची जागा. मोठी, भरलेली झाडं लाइट चालू असताना तासाला २०० ग्रॅम पाणी आरामात सोडतात. टेंट बंद ठेवला तर दहा मिनिटांच्या आत हवा काठोकाठ भरते. म्हणून टेंटमध्ये ह्युमिडिटी "सेट" करून सोडून देता येत नाही, ती सतत बाहेर काढत राहावी लागते.

बंद काचेच्या पेटीतही झाडं जगतात की, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंय. लंडनच्या नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत फर्न उगवलेलं पाहिलं आणि त्यातून वॉर्डियन केस आली, ज्यातून पुढे जहाजांवरून रोपं जगभर गेली. पण तिथे वाफ काचेवर थंड होऊन परत मातीत पडते, लाइट मंद असतो, आणि झाडाने फक्त जगायचं असतं. टेंटमध्ये झाडाने भरभर वाढून फुलायचं असतं, त्यामुळे तो हिशोब इथे लागू पडत नाही.

टक्के एकटे काही सांगत नाहीत

मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ सध्या आहे. तापमान बदललं की वाफेचा एक थेंबही न वाढता टक्के बदलतात. आणि घोळ होतो तो इथेच, लाइट बंद झाल्यावर. दिवसा २५ अंश आणि ६० टक्के, सगळं छान दिसतंय. रात्री लाइट गेला, तापमान १८ वर आलं, वाफ तेवढीच, तर तीच हवा आता ९२ टक्क्यांवर पोचते. या हवेचा दवबिंदू १६.७ अंश, म्हणजे अजून दीडेक अंश खाली गेलं की थंड पानांवर, दांड्यांवर, अस्तरावर पाणी जमायला लागतं. सकाळी लाइट लागला की परत ६० टक्के दिसतात आणि माणूस म्हणतो माझ्याकडे तर ह्युमिडिटी नॉर्मल आहे, मग बुरशी आली कुठून. रात्रीचं रीडिंग बघितलेलंच नसतं. मीटर कमाल-किमान आकडे साठवणारा हवा, बाकी कुठलंही फीचर नसलं तरी चालेल.

म्हणून बरेच जण टक्क्यांऐवजी व्हीपीडी (व्हेपर प्रेशर डेफिसिट) बघतात. त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेचा दाब आणि प्रत्यक्षातला दाब यातला फरक, किलोपास्कलमध्ये मोजलेला. हवा पानातून किती जोरात पाणी ओढते ते हा आकडा सांगतो. २५ अंश आणि ६० टक्क्यांना तो १.२७ येतो. पण पान हवेपेक्षा थंड असतं, एलईडीखाली तर एक-दोन अंशांनी सहज. पान २३ अंशांना असेल तर खरी ओढ फक्त ०.९ च्या आसपास राहते. साधारण पद्धत अशी की रोपं आणि कटिंग्ज ०.४ ते ०.८, जोमाने वाढणारी झाडं ०.८ ते १.२, फुलावर आलेली १.२ ते १.५. हे आकडे कोरीव शिलालेख नाहीत. व्हीपीडी फार कमी राहिली तर झाड पाणी ओढतच नाही आणि पाण्याबरोबर येणारं कॅल्शियमही कोवळ्या भागापर्यंत पोचत नाही, लेट्यूसच्या पानांच्या कडा जळतात त्यातलं हे एक कारण. फार जास्त झाली तर झाड पर्णरंध्रं मिटून घेतं आणि वाढ थांबते, पानं वरच्या बाजूला वळतात.

बुरशी

दाट फुलांच्या झाडांना सगळ्यात मोठा धोका करड्या बुरशीचा, बोट्रायटिस सिनेरिया. ती ओल मागते आणि दाट कणसासारख्या फुलात आतली हवा हलतच नाही, त्यामुळे बाहेरचा मीटर ५५ दाखवत असला तरी फुलाच्या पोटात दमटपणा वेगळाच असतो. एखादं छोटं पान एकटंच पिवळं पडून सहज हातात येतं, आत बोट घातलं की करडी भुकटी, हे बहुतेक वेळा पहिलं लक्षण. तो भाग टेंटबाहेर नेऊन कापायचा, आत झटकायचा नाही, बीजकण उडतात. भुरी (पानांवर पांढऱ्या पावडरीसारखी पसरणारी बुरशी) मात्र वेगळी चीज आहे, तिला पानावर पाणी साचलेलंच लागतं असं नाही, नुसती दमट आणि कोंदट हवा पुरते, म्हणून पानं कोरडी ठेवली म्हणून भुरी येणार नाही असं धरू नये. फुलावर आल्यावर पानं विरळ करणं, दोन झाडांमध्ये जागा ठेवणं, हे कुठल्याही मशीनपेक्षा आधी करायचं.

एक्झॉस्ट नेमकं काय करतो

एक्झॉस्ट फॅन ह्युमिडिटी "काढत" नाही, तो टेंटमधली हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी खोलीतली हवा आत येते, बास. त्यामुळे टेंट खोलीपेक्षा कोरडा कधीच होऊ शकत नाही (तापमान सारखं धरलं तर). आपला वरचाच टेंट घ्या, तासाला २०० ग्रॅम वाफ, आत २५ अंशांना ६० टक्के ठेवायचे. खोलीत ४५ टक्के असतील तर तासाला साधारण ५८ घनमीटर हवा बदलली की पुरतं. खोलीत ५५ असतील तर १७४ घनमीटर, तिप्पट. आणि खोलीतच ६५ असतील तर कितीही मोठा फॅन लावा, उपयोग शून्य. मोठा फॅन घेण्याआधी खोलीचा मीटर बघा, कारण खरा टेंट म्हणजे ती खोलीच. आणि डक्टचं तोंड त्याच खोलीत सोडलं असेल तर तीच दमट हवा फिरून परत आत येणार, हे फार जण विसरतात.

फॅनवर सीएफएम छापलेलं असतं, मिनिटाला किती घनफूट हवा. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर. ढोबळ नियम असा की एक ते तीन मिनिटांत टेंटची सगळी हवा बदलावी, आपल्या टेंटला मिनिटाला एकदा म्हटलं तर १०० सीएफएमच्या आसपास. पण छापील आकडा मोकळ्या हवेतला असतो, कार्बन फिल्टर, लांब डक्ट आणि प्रत्येक वळण त्यातून कापून घेतं, म्हणून एक साइज मोठा फॅन घेऊन कमी स्पीडवर चालवणं परवडतं, आवाजही कमी. डक्ट ताणून सरळ ठेवायचा, चुरगळलेला डक्ट फॅनचा निम्मा जीव खातो. एक्झॉस्ट वर, हवा आत घ्यायची भोकं खाली आणि एक्झॉस्टच्या तोंडापेक्षा मोठी. टेंटचं कापड किंचित आत ओढलेलं दिसलं की समजायचं हवा बरोबर दिशेने चाललीय, फार खपाटीला गेलं असेल तर खालची भोकं अजून उघडायची. कार्बन फिल्टर वासासाठी असतो, पण ह्युमिडिटी ७० च्या वर राहिली तर कोळशाच्या छिद्रांत पाणी बसतं आणि वास धरायची ताकद कमी होते.

हवा बदलण्याचं अजून एक कारण कार्बन डायऑक्साइड. बाहेर तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, बंद टेंटमध्ये जोरदार लाइटखाली झाडं तो भराभर संपवतात. आणि आतला छोटा फिरता पंखा हा एक्झॉस्टला पर्याय नाही, त्याचं काम पानाला चिकटून बसलेला दमट हवेचा थर मोडणं आणि खोडं मजबूत करणं. पानं हलली पाहिजेत, फडफडायला नकोत.

डिह्युमिडिफायर, उष्णता वगैरे

खोलीच दमट असेल तर डिह्युमिडिफायरला पर्याय नाही, आणि तो शक्यतो टेंटबाहेर खोलीत ठेवावा. कारण पाणी उडताना झाड उष्णता शोषतं, तासाला २०० ग्रॅम म्हणजे साधारण १३५ वॉट, २५० वॉटच्या लाइटची निम्म्याहून जास्त उष्णता अशीच वाफेत जाते. डिह्युमिडिफायर ती वाफ परत पाणी करतो तेव्हा ही सगळी उष्णता परत मिळते, वर मशीनची स्वतःची. म्हणून टेंटमध्ये ठेवला की दमटपणा उतरतो आणि तापमान चढतं. छोटे पेल्टियरवाले (कॉम्प्रेसरशिवाय, विजेवर थंड होणाऱ्या चकतीचे) स्वस्त डबे मोठ्या झाडांपुढे अगदीच किरकोळ, कॉम्प्रेसरवाला घ्यावा. रात्रीसाठी एक साधा उपाय म्हणजे एक्झॉस्ट लाइटबरोबर बंद न करता चालू ठेवणं, आणि पाणी लाइट लागल्यावर लगेच घालणं, बंद व्हायच्या आधी नाही.

उलटी अडचण थंड कोरड्या हवामानात, हीटर चालू असताना येते, रोपांना ३० टक्के फार कमी. तिथे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (पाण्याचं बारीक धुकं करून हवेत सोडणारं मशीन) चालतो, पण जड पाणी घातलं की पानांवर आणि लाइटवर पांढरी पावडर बसते, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. चार-पाच रोपंच असतील तर वर पारदर्शक झाकण पुरतं.

मीटर झाडांच्या शेंड्याच्या उंचीला, सावलीत टांगायचा, लाइटखाली उघडा ठेवला तर तापून ह्युमिडिटी कमी दाखवतो. स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, तपासायला मिठात थोडंसंच पाणी घालून ओला लगदा करा, वाटी आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवा, आठ-दहा तासांनी २५ अंशांना ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर त्या मीटरच्या रीडिंगमध्ये पाच मिळवून वाचायचं.