‘स्ट्रेसची टेस्ट आहे का?’ लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी माहिती

काउंटरवर हे रोज विचारलं जातं: “झोपून उठलं तरी थकवा तसाच. टेन्शनमुळे आहे का, ते रक्तात कळेल ना?” ताण मोजणारी अशी एक तपासणी नाही. थकवा मात्र खरा असतो, तो आळस नव्हे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं असतानाही सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात ही ऊर्जा एटीपीच्या रूपात तयार होते. धोका जाणवला की मेंदूत सावध करणारं नॉरअॅड्रेनालिन हे रसायन वाढतं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात, रक्तातली साखर चढते. काम झालं की कॉर्टिसोलच मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं. पण कर्जाचे हप्ते, घरातलं आजारपण, रात्रपाळी हे संपतच नाही. मग ही थांबवणारी यंत्रणा बोथट होते, झोप तुटते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दीर्घ ताणाने मायटोकॉन्ड्रियाचं काम मंदावलेलं आणि स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या आहेत.

चहाचंही सांगून टाकतो. एटीपी खर्च होताना अॅडिनोसिन साचतं आणि झोप आणतं. कॅफिन त्याची जागा अडवतं. थकवा जात नाही, जाणवत नाही एवढंच. संध्याकाळी ७ च्या कडक चहातलं निम्मं कॅफिन रात्री १२ लाही अंगात असू शकतं.

कॉर्टिसोल सकाळी सर्वाधिक, मध्यरात्री सर्वात कमी. त्यामुळे एका आकड्यावरून ताण ठरत नाही. कॉर्टिसोलची तपासणी कुशिंग (कॉर्टिसोल फार जास्त), अॅडिसन (फार कमी) अशा आजारांसाठी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच करा. स्टेरॉइडच्या गोळ्या, मलम, इन्हेलर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. सेरोटोनिन या मूडशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाच्या तपासणीवर तर पैसे घालवूच नका. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूचं काही कळत नाही.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ जीवनसत्त्व आणि साखर बघा. हिमोग्लोबिन ९ वर आलेलं असताना ‘टेन्शनच आहे’ म्हणून अंगावर काढणाऱ्या बायका आम्ही नेहमी बघतो. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ विसरू नका. केसांसाठीच्या गोळ्यांतल्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, तेही सांगा. उपाशीपोटी साखरेसाठी रात्रीच्या जेवणानंतर ८ तास फक्त पाणी.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरीही झोप नाही, मन लागत नाही, असं असेल तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे.