महिला संचालक

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १४९ मुळे ‘महिला संचालक’ हा शब्द भारतात कंपन्यांच्या कारभारात रुळला. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असावीच लागते. सूचीबद्ध नसलेल्या पब्लिक लिमिटेड कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तर तिलाही हे बंधन आहे.

हे बंधन पाळण्यासाठी शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने दिलेली मुदत वाढून १ एप्रिल २०१५ झाली. ती जवळ आली तशी धावपळ उडाली आणि अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या वा तिचा ताबा असलेल्या मालकांनी, पत्नी, मुलगी किंवा सून यांनाच मंडळावर आणले. ‘सरपंचपती’ पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये. पुढे सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ मध्ये स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नाते वा आर्थिक हितसंबंध नसलेल्या, संचालकांत एक तरी स्त्री हवी, असे सुचवले. सेबीने हा नियम बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना वर्षभराने लागू केला.

स्त्रिया आल्याने नफा वाढतो का, याचे सरळ उत्तर नाही. नॉर्वेने २००३ मध्ये संचालक मंडळांत ४० टक्के स्त्रिया असाव्यात, असा कायदा केला. त्यामुळे कंपन्यांचे बाजारमूल्य घसरले, असा निष्कर्ष २०१२ मधील एका गाजलेल्या अभ्यासाने काढला. नंतरच्या संशोधकांना तेवढा परिणाम आढळला नाही. १४० अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या विश्लेषणात हिशेबी नफ्याशी किंचित अनुकूल संबंध दिसला, बाजारातील कामगिरीशी जवळपास नाहीच. शिवाय भरभराटीच्या मोठ्या कंपन्याच स्त्रियांना अधिक नेमत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? अमेरिकी कंपन्यांच्या एका अभ्यासातली नोंद अधिक बोलकी आहे: स्त्री संचालक बैठका कमी चुकवतात, आणि त्या असलेल्या मंडळांत पुरुषांचीही हजेरी सुधारते.

नात्यातून आलेली प्रत्येक संचालक नामधारीच असते, असेही नाही. पुण्याच्या थरमॅक्स या अभियांत्रिकी कंपनीत अनू आगा १९९६ मध्ये पती रोहिंटन यांच्या निधनानंतर अध्यक्ष झाल्या. शेअरचा भाव चारशेवरून ३६ रुपयांपर्यंत कोसळला. तुम्ही आम्हाला बुडवलेत, अशा आशयाचे एका भागधारकाचे निनावी पत्र आले. आगांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि कंपनी सावरली. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले.