झोनचा आकडा जुळला म्हणजे रोप जगलंच, असं नाही

बागकाम करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: शोभेच्या रोपाच्या लेबलवरचा हार्डिनेस झोन, म्हणजे ते किती थंड पट्ट्यात तगेल ते सांगणारा आकडा, आपल्या भागाशी जुळला की ते हिवाळा काढणारच. हे खरं नाही.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशावरचे. तो नकाशा एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे वर्षातल्या नीचांकी तापमानाची सरासरी. २०२३ची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातल्या नोंदींवर बेतलेली आहे. सरासरीच ती, त्यामुळे एखाद्या वर्षी पारा त्याहून खाली जाणारच. जमीन, ओल, वारा यांचा त्यात हिशोबच नाही.

इंग्लिश लव्हेंडर घ्या. झोन ५ म्हणजे उणे २९ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी ते सोसतं. पण चिकण मातीत लावलं आणि हिवाळाभर मुळाशी पाणी साचलं, तर त्याहून कितीतरी सौम्य थंडीत मरतं. उपटून पाहा, मुळं काळपट आणि पिचपिचीत लागतील. बोल थंडीला लागतो, मारते ओल. अशा ओलसर जागेत सायबेरियन आयरिस लावा, तिथे तो खुशाल वाढतो.

कुंडीची गत आणखी वेगळी. मुळं फांद्यांइतकी काटक नसतात आणि कुंडीत त्यांना चहूबाजूंनी गारठा लागतो. म्हणून कुंडीसाठी आपल्यापेक्षा निदान दोन झोन थंड भागात टिकणारं रोप निवडावं.

ऱ्होडोडेंड्रॉनसारख्या सदाहरित झुडपांना आडोसा हवाच: जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, वारा मात्र पानं सुकवत राहतो.