अवघड पाणी आणि घातकी पाणी

धबधब्यावरून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, खाली घालणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला की आपल्या तोंडून एका दमात निघतं, केवढं अवघड, केवढं धोक्याचं! नदीवर दिवस काढलेली माणसं हे दोन शब्द इतक्या सहज एकत्र बांधत नाहीत. अवघड म्हणजे हातून चूक होण्याची शक्यता किती. धोक्याचं म्हणजे चूक झालीच, तर पाणी पुढे आपलं काय करणार. उतरायला महाकठीण पण चुकलात तर खालच्या डोहात फक्त गटांगळी, असं पाणी असतं. लहान मुलाला खेळायला सोडावंसं वाटेल आणि तेच जीव घेईल, असंही असतं.

या गोंधळाला श्रेणीचा आकडाही हातभार लावतो. खळाळत्या पाण्याच्या अवघडपणाची पायरी 1 ते 6 अशी मोजतात. 6 म्हणजे अगदी टोकाचं, चुकलात तर वाचवायला कोणी पोचेलच असं नाही. या मोजणीत कौशल्य आणि परिणाम दोन्ही धरलेले असतात, पण हातात पडतो एकच आकडा. त्यामुळे दोन ठिकाणं कागदावर 4 असतात. एकाच्या खाली शांत, खोल पाणी असतं, दुसऱ्याच्या खाली पोखरलेली कपार. शिवाय पाणी चढलं-उतरलं की तेच ठिकाण दुसरंच होऊन बसतं.

कयाकपटू टायलर ब्रॅटचं उदाहरण घ्या. 2009 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तो पलूस फॉल्सवरून उतरला. उंची 189 फूट, म्हणजे जवळजवळ 58 मीटर. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला तर साडेतीन सेकंदांचं पडणं आणि शेवटी ताशी 120 किलोमीटरच्या आसपास वेग. इजा काय झाली? वल्हं मोडलं आणि मनगट मुरगळलं. दोनच वर्षांनी ओरेगॉनमधल्या अबिक्वा फॉल्सवर, म्हणजे साधारण निम्म्या उंचीवर, त्याच माणसाचा मणका मोडला. उंची लोकांच्या डोळ्यांत भरते. उतरणारा मात्र कोनाकडे बघत असतो. दोन-तीन मीटरच्या उडीत कयाकचं टोक उचलून सपाट उतरायचं असतं, म्हणजे खालच्या उसळत्या पाण्यात न रुतता पुढे निघता येतं. हीच सवय उंच धबधब्यावर नेली तर सगळा दणका कण्यातून वर येतो. तिथे टोक खाली करून पाण्यात सुरीसारखं शिरावं लागतं. खालचा फेस हवेने भरलेला असतो, तो थोडीफार गादी होतो.

आता माणूसभर उंचीचा बंधारा बघा. या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, वरून पाण्याची काचेसारखी चादर. वरच्या बाजूने येणाऱ्याला तो दिसतही नाही, नदी एका सरळ रेषेवर संपल्यासारखी वाटते, बस. बचावकार्य करणारे याला बुडवणारं यंत्र म्हणतात. चादर पडते ती तळाला जाते, थोडं पुढे वर येते आणि वर आलेल्या पाण्यातलं बरंचसं पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वाहतं. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, चादरीखाली दाबला जातो, पुढे वर येतो, पुन्हा भिंतीकडे. नैसर्गिक खडकामागेही असंच फिरतं पाणी तयार होतं, पण खडक वेडावाकडा असतो. कुठेतरी एक बाजू सुटलेली असते, तिथून बाहेर पडता येतं. बंधारा इंजिनिअरने बांधलेला, त्याला फट कुठली? आणि धबधब्याखाली गादी झालेला तो फेस इथे उलटतो: हवेने भरलेल्या पाण्यात लाइफ जॅकेटही पुरेसं तरंगवत नाही.

मला सगळ्यात अन्यायकारक वाटतं ते मांडीभर पाणी. कयाक उलटली, माणूस बाहेर पडून वाहत थोड्या उथळ भागात आला. पायाखाली दगड लागले. सुटलो असं वाटून तो उभा राहतो. पाऊल दोन दगडांच्या बेचक्यात जातं, मागून पाणी पाठीवर रेटतं, गुडघा पुढे वाकतो आणि तोंड पाण्याखाली जातं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मागे ताठ होऊन पाय सोडवायचा तर त्या रेट्याविरुद्ध. म्हणून पहिल्याच दिवशी घोकून घेतात की उताणं व्हा, पाय वर ठेवा, पाऊल पुढच्या दिशेला आणि पाणी खरंच थांबेपर्यंत उभे राहू नका. एका जागी मात्र हाच नियम उलटा होतो. आडव्या पडलेल्या झाडाकडे ओढले जात असाल तर पालथं होऊन, जोरात पोहत, डोकं पुढे ठेवून जायचं आणि खोडावर अंग चढवायचं. फांद्यांतून पाणी गाळलं जातं, माणूस अडकतो. यात अवघड असं काय आहे? काहीच नाही. म्हणूनच तिथे कोणी सावध नसतं.

मग ओढ कशाची? मरणाशी खेळण्याची, असं बाहेरून म्हणतात. मला ते पटत नाही. घाबरलेला माणूस वाईट वल्हवतो. तो ताठरतो, नको त्या बाजूला कलतो, उलटतो. ओढ असते ती अवघड पाण्याची. वरून गोंधळ दिसणाऱ्या फेसात पाण्याची एक हिरवी, गुळगुळीत जीभ असते, तिच्या डाव्या कडेला अर्ध्या सेकंदासाठी वल्हं रोवायचं असतं. ते जमलं की ज्या पाण्याने फोडून काढलं असतं तेच उचलून पुढे ठेवतं. हे पुन्हा करावंसं वाटतं. लोचा असा की सरावाने अवघडपणा कमी होतो, धोका होता तेवढाच राहतो. पन्नास वेळा नीट उतरलेली जागा सोपी वाटायला लागते आणि वाचवायला काठावर दोर घेऊन उभं राहणारा मित्र हळूहळू आपलीच कयाक आवरायला लागतो.

सगळ्यात वरच्या पायरीवर हे दोन शब्द खरंच एक होतात. तिथे प्रत्येक वल्हं अवघड असतं आणि प्रत्येक चूक महाग. तिथले लोक वल्हवण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ घालवतात. कयाक काठाला लावून खडकावर चढतात, खालच्या फिरत्या पाण्यात एक ओंडका टाकतात आणि थांबतात. ओंडका दोन गिरक्या घेऊन बाजूने निसटला तर पुढची चर्चा. तो तिथेच फिरत राहिला, आत जाऊन पुन्हा त्याच जागी वर आला, तर फारसं कोणी बोलत नाही. कयाक खांद्यावर घेतात आणि दगडांतून वाट शोधत खाली चालायला लागतात.